तोंडाकडे बघणारे ढेंगूकाका

ढेंगूकाका बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत कधी बघत नसत. ते तोंडाकडे बघत, तेही टक लावून. नवा माणूस पार गडबडून जायचा. पुरुष मिशीला काही लागलंय का ते चाचपत, बायका पदराचं टोक ओठांवरून फिरवत. स्टुडिओत मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा माझ्या दातात मेथी अडकली असणार असं धरून मीही बेसिनवर जाऊन चूळ भरून आले. आमच्या साउंड रेकॉर्डिस्टनं मग हसत सांगितलं, की काका असेच आहेत. मुलगी बघायला गेले तेव्हाही ते असेच बघत बसले होते आणि सासऱ्यांना शंका आली होती, की या मुलाला ऐकू येतं की नाही.

काका गाढव होते. मुलांच्या एका वाहिनीवर रोज संध्याकाळी एक परदेशी कार्टून मराठीत लागायचं. त्यात खानावळ चालवणारं एक आळशी आणि तोंडाळ गाढव होतं. त्याचं मराठी नाव मी ठेवलं ढेंगू, आणि आवाज काकांचा. पुंडलिकनगरातल्या एका बंगल्याच्या तळघरात, भिंतींना गाद्या ठोकून केलेला आमचा स्टुडिओ होता. मुंबईत महाग पडणारं काम आमच्याकडे यायचं. संवाद मी लिहायचे आणि बोलायचे काका. ते इतकी वर्षं बोलले, की त्यांचं कागदावरचं नाव मागेच पडलं. पोस्टमनही ढेंगूकाका म्हणून हाक मारी आणि ते खुशाल ओ देत.

त्यांच्या वडिलांची नोकरी निजामाच्या कचेरीत होती. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं तेव्हा काका शाळेत होते. उर्दूतून शिकणारी मुलं मराठीतून शिकायला लागली. मास्तर तेच, धडा तोच, तोंडातून निघणारी भाषा तेवढी दुसरी. "माझं पयलं डबिंग सरकारनं केलं," असं ते सांगत, आणि वर, मास्तरांचे ओठ महिनाभर उर्दूतच हलायचे, अशी पुस्ती जोडत. पुढे ते पाटबंधारे खात्यात कारकून झाले. रेडिओवरच्या श्रुतिकांत म्हातारे, भुतं आणि खलनायक केले. पण माईकचं खरं शिक्षण आपल्याला वेरूळच्या यात्रेत मिळालं, असं ते मानत. महाशिवरात्रीला हरवलेल्या मुलांची नावं पुकारायला त्यांना बसवत. कर्ण्याच्या गोंगाटात मुलाचं हुंदके देत सांगितलेलं नाव ऐकू येत नसे, म्हणून काका त्याच्या तोंडाकडे बघून ते ओळखत. तिथं लागलेली ही सवय पुढे जन्मभर सुटली नाही.

आमच्या धंद्यात ही सवय म्हणजे सोनं होतं. चित्र आधीच तयार होऊन येतं, त्यातली तोंडं आधीच हललेली असतात. आपलं वाक्य त्या तोंडात बसवायचं असतं. तोंड उघडलं की सुरू आणि मिटलं की बंद. काका माईकपुढे उभे राहण्याआधी प्रसंग आवाज बंद करून बघून घेत. "आधी मुकं बघू द्या," म्हणत. मग माझ्या कागदावर पेन्सिलीनं खुणा पडू लागत. "बाई, गाढवाचं तोंड इथं मिटतंय आणि तुमचं वाक्य आ वासून बसलंय. एखादा प नाय तर म द्या की." मी चडफडत वाक्य बदलायचे. मग ते असं काही बसायचं, की ते गाढव आपल्याच गल्लीत जन्मलं असावं.

मुळात ते गाढव काय म्हणतंय याच्याशी काकांना काही देणंघेणं नव्हतं. मूळ प्रसंगात ते हवेबद्दल बोलत असे, आमच्याकडे ते शेजाऱ्याच्या उधळपट्टीबद्दल बोले. तिकडे ते केकचं गाणं गाई, इकडे ठेचा पातळ झाल्याची तक्रार करी. "त्याचं इंग्रजी त्याला लखलाभ. लेकरांना तोंड भरलेलं दिसलं पायजे," असं त्यांचं म्हणणं. मुलं पोट धरून हसत, त्यामुळे आम्हा दोघांना त्यात काही वावगं वाटायचं कारणच नव्हतं.

गाढवाला त्यांनी आपली बोली दिली. ढेंगू 'लई' म्हणे, 'व्हय' म्हणे, मधूनच 'खामखा कायको' असा दख्खनी ठसका मारी. वाहिनीच्या मुंबईच्या साहेबांना ते खटकलं, शुद्ध मराठी हवं असा निरोप आला. काका चिडले नाहीत. त्यांनी आख्खा भाग शुद्ध मराठीत, एकही चूक न करता बोलून दिला आणि सोबत आपलाही पाठवला. शुद्ध भागातलं गाढव बँकेत काम करत असल्यासारखं वाटत होतं. साहेबांनी दोन्ही ऐकले आणि पुन्हा कधी निरोप पाठवला नाही. मला हा माणूस तेव्हापासून फार मोठा वाटत आला आहे. भांडण न करता स्वतःचं खरं करणारी माणसं मी फार थोडी पाहिली.

या मोठ्या माणसाला धाक एकाच व्यक्तीचा होता, काकूंचा. हर्सूलला तलावाच्या रस्त्यावर त्यांचं घर होतं. काकू बोलायला लागल्या की काकांचं तोंड फक्त जेवायला उघडे. कार्टून लागलं की त्या परात घेऊन टीव्हीसमोर बसत आणि गवारीच्या शेंगा मोडत ऐकत. काका मागे दारात उभे. भाग संपला की काकू निकाल देत. "आज गाढव दमलेलं होतं," म्हणाल्या, की दुसऱ्या दिवशी काका स्टुडिओत येऊन तो भाग पुन्हा ऐकत. काकूंचं खरं निघे. एकदा त्या नुसतं "बरं होतं" म्हणाल्या, तर हा गृहस्थ दिवसभर शीळ घालत फिरत होता.

एका हिवाळ्यात काकूंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. त्यांना समजत सगळं होतं, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं. ओठ हलत, पण आवाज फुटत नव्हता. काकांनी स्टुडिओला येणं बंद केलं. ढेंगूचे नवे भाग येऊन पडले होते. स्टुडिओच्या मालकांनी थांबायची तयारी दाखवली, काकांनी मात्र दुसरं कोणी बघा म्हणून कळवून टाकलं.

मी भेटायला गेले. काकू कॉटवर उशीला टेकून बसल्या होत्या. मला बघून त्यांचे ओठ हलले आणि कॉटशेजारून काकांचा आवाज आला, "आलीस व्हय? किती वाळलीस गं. बस, चहा टाकते सूनबाई." तो काकूंचाच आवाज होता. तोच तिरकस प्रेमळ सूर. ओठ उघडले तिथं सुरू, मिटले तिथं बंद. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सूनबाईंनी सांगितलं, की शेजारपाजारच्या बायका मुद्दाम येतात, काकू पुन्हा बोलतात म्हणून सगळीकडे सांगतात. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असंही म्हणतात.

मीही तेच म्हणणार होते. तेवढ्यात काकूंचे ओठ पुन्हा हलले, या वेळी जोरात. काका म्हणाले, "मी बरी हाय. तुमी फकस्त माझ्याजवळ बसा, कुठं जाऊ नका." काकूंनी डावा हात अंथरुणावर आपटला. काका म्हणाले, "दमली." काकूंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांचे डोळे मला दिसले आणि त्यात दमणूक नव्हती, संताप होता. आयुष्यभर घर दणाणून सोडणाऱ्या बाईला काही सांगायचं होतं आणि ते तिच्या तोंडातून बाहेर पडायच्या आधीच तिथं दुसरं काही भरलं जात होतं. वाक्य अगदी चोख बसलेलं होतं. आमची सगळीच वाक्यं तशी चोख बसत.

अंगणात येऊन मी काकांना हळूच विचारलं, की हे काकूंचं म्हणणं आहे की आपण गाढवासाठी लिहितो तसं काही आहे. काका माझ्यावर पहिल्यांदाच चिडले. "जन्म काढला तिच्यासंगं. तिच्या मनातलं मला नाय कळत? तुमी शिकवणार?" एवढं बोलून ते आत गेले. मी रिक्षा करून घरी आले. आता या घराचं दार आपल्याला बंद झालं, असं मी धरून चालले.

आठवडाभरानं त्यांचाच फोन आला. स्टुडिओत कधी येऊ, म्हणून. मी काही विचारायच्या आत त्यांनीच सांगितलं. माझं बोलणं त्यांना लागलं होतं. राग उतरल्यावर एका दुपारी त्यांनी ठरवलं, की आज एक अक्षर बोलायचं नाही. काकूंचे ओठ हलले. काका गप्प. काकूंनी वाट बघितली, पुन्हा ओठ हलवले. काका गप्पच. मग काकूंनी डावा हात उचलून खुंटीकडे बोट दाखवलं. खुंटीवर काकांची स्टुडिओची पिशवी होती, तीत ज्येष्ठमधाच्या पाण्याचा थर्मास. ती त्यांनी काढून आणली आणि सवयीनं तोंड उघडलं, पाणी पाहिजे का म्हणायला. तर काकूंनी तळहात त्यांच्या तोंडावर दाबून धरला. पिशवी त्यांच्या मांडीवर ढकलली आणि दाराकडे बोट केलं.

"ती मला कामावर जा म्हणत होती, बाई," काका म्हणाले. "किती दिवसांची म्हणत होती. अन् मी तिच्या तोंडात 'कुठं जाऊ नका' घालत बसलो. ते माझंच म्हणणं होतं. मलाच तिला सोडून जायचं नव्हतं." शेवटी ते म्हणाले, की मला तोंडात वाक्य बसवणं चांगलं येतं म्हणून हे झालं, वाईट येत असतं तर तिचं तिला सांगता आलं असतं.

ते कामावर आले. रोज थोडा वेळ, सूनबाई घरी असेल तेवढाच. ढेंगू पुन्हा बोलू लागला. एक गोष्ट मात्र बदलली. काका आता आधी मला मूळ वाक्याचा अर्थ विचारत. तो ऐकून मान हलवत आणि मगच माईकपुढे जात. ठेचा आणि शेजारी होतेच, पण मूळ गाढव जिथं दुःखी असे तिथं आमचंही दुःखी होऊ लागलं. मुलं तिथं हसत नसत. काकांना ते चालू लागलं. घरी काकूंना ते खाणाखुणांनी बोलू देत, ताटातल्या पिठात बोटानं काढून दाखवू देत. एक साधी गोष्ट कळायला कधीकधी सगळी सकाळ जाई. त्या चिडत, तेही चिडत, पण काकूंच्या वतीनं ते पुन्हा कधी बोलले नाहीत. शेजारणींना वाटलं, काकांचा उत्साह ओसरला.

पुढच्या एका पावसाळ्यात काकू गेल्या. मी भेटायला गेले तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. सतरंजीवर काका भिंतीला टेकून बसले होते. काकूंच्या मोठ्या बहिणीनं त्यांचा हात धरून ते विचारलं, जे अशा वेळी प्रत्येक घरात विचारतात. शेवटी काही म्हणाली का माझी बहीण? खोलीतल्या सगळ्या माना काकांकडे वळल्या. सगळ्यांना ठाऊक होतं, की तिचं बोलणं एकच माणूस सांगू शकतो. तेव्हा त्यांनी काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. बहिणीची आठवण काढली म्हणाले असते, तर म्हातारीला उरलेलं आयुष्य त्यावर काढता आलं असतं. आणि ते काकूंच्या आवाजात म्हणाले असते, तर आम्ही सगळेच रडून मोकळे झालो असतो.

काका बराच वेळ म्हातारीच्या तोंडाकडे बघत राहिले.

"म्हणाली ना," ते म्हणाले. "लई वेळ म्हणत होती. मी शेवटपर्यंत बघत होतो, आक्का. पण मला नाय समजलं."