धिंगरी, लॉट तिसरा

आमच्या घरात शिरण्याआधी शेजारचे काका दाराच्या पितळी कडीवर उजव्या हाताचा तळवा टेकवायचे, क्षणभर थांबायचे आणि मगच चपला काढायचे. नव्या माणसाला वाटायचं, दाराला नमस्कार करताहेत. तसं काही नव्हतं. काका सदतीस वर्षं दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासणीला होते. तिथे दारू भरण्याच्या खोलीबाहेर तांब्याची पट्टी असते. तिला हात लावून अंगातली वीज उतरवल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, असा नियम. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी त्यांचा हात आपोआप कडीकडे जायचा. आमच्या घरात माझ्या रागाशिवाय स्फोट होण्यासारखं काही नाही, असं मी एकदा त्यांना म्हटलं. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "असू द्या बाई. मी भेलो म्हणून वाचलो."

हे त्यांचं पालुपद. भित्री माणसं तुम्हीही पाहिली असतील, पण ती आपली भीती झाकून ठेवतात. काका ती उघड्यावर वाळत घालायचे. विजय नगरातल्या आमच्या गल्लीत दिवाळीत पोरांनी साधी फुलबाजी पेटवली तरी हा उभ्या जन्मात तोफगोळे तपासलेला माणूस पाण्याच्या दोन बादल्या आणि ओलं पोतं घेऊन फाटकाशी उभा. आम्ही हसायचो. मी जरा जास्तच हसायचे. शाळेत शिकवणाऱ्या बाईला आपण कुणाला भीत नाही असा एक समज असतो, आणि मुलांसमोर तो टिकवावाही लागतो.

काकू गेल्यावर काका एकटेच राहायचे. त्यांची लेक पुण्याला. बापाला काहीतरी जीव लावायला हवं म्हणून तिने कुरिअरने धिंगरी अळिंबी, म्हणजे मशरूम, उगवायचा एक खोका पाठवला. काका तो खोका दोन्ही हातांनी छातीपासून लांब धरून आमच्याकडे आले. आत प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत दाबून भरलेलं गव्हाचं कुटार, म्हणजे भुसा, आणि कुटारभर पसरलेली बुरशीची पांढरी जाळी. सोबत पाणी फवारायची बाटली आणि सूचनांचा कागद.

"बाई, हे जिवंत आहे," काका हळूच म्हणाले. जणू पिशवीने ऐकू नये.

पुढचे बारा दिवस ती पिशवी त्यांच्या न्हाणीघराशेजारच्या अंधाऱ्या कोपऱ्यात होती आणि काका बहुधा तिच्यासमोर. कागदावर लिहिल्याप्रमाणे पिशवीला फुलीसारखी चीर दिली, तीही हात धुऊन, पट्टीने मोजून. दिवसातून तीनदा फवारणी. हिरवा-काळा डाग दिसला तर पिशवी फेकावी असं कागदात होतं, म्हणून ते विजेरी घेऊन डाग शोधायचे. आठव्या दिवशी चिरेतून टाचणीच्या डोक्याएवढे कोंब आले आणि बाराव्या दिवशी शिंपल्यांसारख्या करड्या धिंगरीचा घोसच्या घोस. काका मला बोलवायला आले तेव्हा त्यांचा चेहरा पोर झालं म्हणून सांगायला आलेल्या बापासारखा होता, आनंदी आणि घाबरलेला.

पण खायचं कसं? काकांना ठाऊक असलेली रीत एकच. कारखान्यात प्रत्येक लॉटमधले काही गोळे उडवून बघतात, त्याला म्हणतात प्रूफ. ते नीट उडाले तर लॉट पास, मग त्यावर हिरवी चिठ्ठी. काकांनी तेच केलं. एक लांबट वही आखली. पहिली तोड म्हणजे लॉट पहिला. त्यातल्या तीन छत्र्या डब्यात घालून फ्रीजमध्ये, हा नमुना. दोन तुपावर परतून सकाळी अकरा वाजता स्वतः खाल्ल्या, हे प्रूफ. मग खिशात एक चिठ्ठी ठेवून आमच्या ओट्यावर येऊन बसले. चिठ्ठीत लिहिलं होतं की मी अमुक वाजता अळिंबी खाल्ली आहे, बेशुद्ध आढळलो तर नमुना फ्रीजमध्ये वरच्या कप्प्यात आहे. काही विषारी जाती बारा-बारा तासांनी अंगावर येतात असं त्यांनी वाचलं होतं, म्हणून मुदत पूर्ण एका दिवसाची. दुसऱ्या दिवशी अकराला त्यांनी पिशवीला दोऱ्याने हिरवी चिठ्ठी बांधली, वहीतल्या शेऱ्याच्या रकान्यात ‘पास’ लिहिलं आणि सही केली. मग गल्लीत वाटप.

माझी मुलगी मनू तेव्हा नऊ वर्षांची होती, हिंदी मुलखात वाढलेली. तिला हा खेळ फार आवडला. ती त्यांच्या शेजारी बसून घड्याळ बघायची आणि दर तासाला हिंदीत विचारायची, आजोबा, ज़िंदा हो? ते वहीत तास लिहून म्हणायचे, "सध्या आहो." शेरा लिहिला आणि सही केली नाही तर तो शेरा नव्हे, हेही त्यांनी तिला शिकवलं. आधी हसणारी गल्ली पुढे अशी सवयीची झाली की हिरवी चिठ्ठी पाहिल्याशिवाय कुणी धिंगरी घेईना.

तीन लॉट झाले आणि पिशवी दमली. उरलेलं कुटार कुंडीत खत म्हणून घालावं, असं कागदात होतं. काकांनी ते आमच्या दोघांच्या सामाईक भिंतीवरच्या कढीपत्त्याच्या कुंडीत घातलं. कोणत्या लॉटचं खत ते कळावं म्हणून पिशवीची चिठ्ठी सोडून कढीपत्त्याच्या फांदीला बांधली. खतालासुद्धा लॉट नंबर देणारा माणूस आम्हाला तेव्हा गमतीचा वाटला.

मग झडीचे दिवस आले. त्या दिवशी संकष्टी होती, म्हणून मला उपास. नवरा रिछाईला त्याच्या कारखान्यात. सासूबाई गढ्याहून आल्या होत्या. त्यांच्या घराजवळच्या बाजारात पावसाळ्यात पिहरी, म्हणजे रानातली अळिंबी, विकायला येते. ती लहानपणापासून खाल्लेली, त्यामुळे असल्या भाजीचं त्यांना वावडं नव्हतं. एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला. मी आत पेपर तपासत होते. त्यांनी स्वयंपाक केला, मनूला वाढलं, स्वतः जेवल्या. मला वास आला तो नेहमीच्या फोडणीचा.

दोनच्या सुमाराला काका आले. कडीला हात न लावता, चपलांसकट थेट बैठकीच्या मधोमध. ते पाहूनच मी पेपर टाकून बाहेर आले. कुंडीतलं कोणी काढलं, असं त्यांनी विचारलं तेव्हा त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता.

सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मी काढलं. काहून? तुमची पासवाली चिठ्ठी होती ना. पोरीनं दोनदा मागून खाल्लं."

काका होते तिथे फरशीवर बसले. "ते माझ्या पिशवीतलं नाही," ते म्हणाले. "दुसरंच काही उगवून राहिलं होतं, पांढरं. मी सकाळी पाहिलं, संध्याकाळी उपटीन म्हटलं. चिठ्ठी माझी आहे बाई. चिठ्ठी मी काढली नाही."

मी भीत नाही असं वर म्हटलं ना, ते विसरा. मनू कोपऱ्यात चित्र रंगवत होती आणि मला तिच्याकडे बघवेना. काका ‘गाडी बोलवा’ म्हणून उठले, भिंतीकडे गेले आणि दोन मिनिटांत नमुन्याचा स्टीलचा डबा घेऊन परत आले. तेवढ्यातही डबा.

दवाखान्यात डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, काय खाल्लं ते नक्की सांगता येत नाही, उलट्या होतील, त्या लवकर झाल्या तर बरं. काही विषं मात्र आधी गप्प बसतात आणि मग यकृत धरतात, तेव्हा दोन दिवस इथेच राहावं लागेल, रोज रक्त तपासू. ते हे सगळं हिंदीत, मनूच्या डोक्यावरून माझ्याशी बोलत होते, पण पोर बहिरी नव्हती. तिने माझा पदर धरला.

"मम्मी, इसका प्रूफ हुआ था?"

सासूबाई देवाचं नाव घ्यायला लागल्या. तेवढ्यात नर्सने कोळशाची पूड कालवलेलं काळं औषध पेल्यातून आणलं. मनूने तोंड घट्ट मिटून घेतलं. तिला धरलं, दटावलं, तर ती पलंगाखाली शिरली. वेळ जात होता. वेळ जातोय एवढंच मला कळत होतं.

काका पलंगाशी उकिडवे बसले. "झालं ना प्रूफ," ते तिला म्हणाले. "कुंडीत चार उरल्या होत्या. एक मी आत्ता खाऊन आलो. तीन डब्यात आहेत."

मनूने विचारलं, "सच्ची?"

"तू एकटीच भिऊन राहिली असती ना, बिटिया. आता दोघं मिळून भिऊ."

ती बाहेर आली. म्हणाली, "अच्छा. फिर ठीक है." डॉक्टर मात्र संतापले. दोन रोगी होते ते तीन केलेत, या वयात ही काय अक्कल, असं बरंच बोलले आणि तिसऱ्या पलंगाकडे बोट दाखवलं. काकांनी निमूटपणे काळ्या औषधाचा पेला घेतला, डोळे मिटले आणि मनूसमोर शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. मग मनू प्यायली. दोघांचे दात काळे झाले. सुईला लहान पोरासारखे भिणारे काका, त्यांनी हाताला सलाइनची सुईसुद्धा लावून घेतली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

चार वाजता मनूला उलट्या सुरू झाल्या, मग सासूबाईंना. डॉक्टर म्हणाले, लवकर झालं, चांगलं झालं. पोटची पोर ओकून ओकून पिवळी पडलेली आणि कुणीतरी त्याला चांगलं म्हणतंय, हे ऐकून घ्यावं लागतं. नवरा रिछाईहून तसाच आला. तो काकांशी एक शब्दही बोलला नाही. मीही बोलले नाही. माझ्या मनात त्यांच्याबद्दल त्या वेळी जे होतं ते लिहिण्यासारखं नाही. ते दर तासाला पलंगावरून हळूच विचारायचे, "बिटिया, ज़िंदा हो?" तिच्यात उत्तर द्यायची ताकद नसायची. मग ती एक बोट वर करायची.

दोन दिवस रक्त तपासलं. दोन्ही वेळा कागद चांगले आले. तिसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. काकांना काहीच झालं नव्हतं, साधी मळमळसुद्धा नाही. आम्ही म्हटलं, कारखान्याचं पोट.

त्यानंतर त्यांनी अळिंबी उगवली नाही. पुण्याहून आलेला नवा खोका तसाच परत पाठवला. आमच्याकडे यायचे, कडीला हात लावायचे आणि बाहेरूनच बोलून जायचे. आत या, असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं ते बऱ्याच महिन्यांनी, आणि तोवर लेक त्यांना कायमचं पुण्याला न्यायला आली होती. निघताना त्यांनी फाटकाच्या कडीवर तळवा टेकवला, आणि या वेळी बराच वेळ टेकवून ठेवला.

गेल्या थंडीत ते पुण्यातच वारले. काही दिवसांनी त्यांच्या लेकीने एक पाकीट पाठवलं. आत ती लांबट वही, वर मनूचं नाव.

मनू आता पंधरा वर्षांची आहे. मराठी समजते, वाचताना मात्र अक्षरावर बोट ठेवावं लागतं. आम्ही दोघी जेवणाच्या टेबलाशी बसून वही वाचत गेलो. लॉट पहिला, पास, सही. दुसरा, तिसरा. त्याच्याखाली त्या संकष्टीची नोंद. तिने ती मोठ्याने वाचली.

"कढीपत्त्याची कुंडी. लॉट नाही. उरलेल्या छत्र्या तीन. नमुना तीन. प्रूफ घेतलं नाही. एक तोंडापर्यंत नेली होती. भेलो. बिटियाला खाल्ली म्हणून सांगितलं. सदतीस वर्षांत पहिला खोटा रिपोर्ट."

माझ्या डोळ्यांसमोर तो काळा पेला आला. काही खाल्लेलं नसताना ते प्यायले होते, सुई टोचून घेतली होती, आमचे अबोले सोसले होते. मला वाटलं, मनूला वाईट वाटेल. शेवटी तिच्या आजोबांनी तिला फसवलं होतं. ती त्या ओळीवरून बोट शेवटपर्यंत सरकवत गेली. ओळीच्या शेवटी शेऱ्याचा रकाना होता, तेवढा कोराच ठेवलेला.

तिने टेबलावरचं माझं पेन घेतलं आणि त्या रकान्यात वळणदार अक्षरात लिहिलं, पास. मग जरा विचार करून त्याच्याखाली सही केली.