बिल्ल्याची पाठ

सगळ्यात आधी नाव लिहितो : मनोहरकाका. माझ्या वडिलांची खाली गेलेली मान त्यांनी पुन्हा वर आणली. हे आधी लिहिलं नाही तर पुढचं लिहायला माझा हात धजायचा नाही. आठवीत शाळा सोडलेला माणूस मी, एवढं लिहितानाही चार वेळा खोडलंय. पाच आठवड्यांपूर्वी भर दुपारी सुमनकाकूंचा फोन आला तेव्हा नागपूरच्या इतवारीतल्या दुकानात भट्टी पेटलेली होती. मुशीत कुणाचं तरी जुनं सोनं वितळत होतं, ते टाकून उठता येत नव्हतं. "संपत, काका गेले रे," एवढंच त्या म्हणाल्या. मी "हो काकू" म्हणालो आणि मुशीकडं बघत बसलो...

माझं गाव साताऱ्याकडं, माण तालुक्यात. आमच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या कामात, देशभर पांगलीत. तसाच मी गावच्या एकाच्या दुकानात नागपूरला आलो आणि राहिलो. मनोहरकाका कामठीच्या छावणीत कारकून होते. निवृत्त झाल्यावर ते फौजी टोप्यांवरचे जुने बिल्ले जमवायचे. आपल्याकडचा बिल्ला खरा की नकली, हे विचारायला जवळपासच्या खापा-काटोलहून लोक त्यांच्याकडं यायचे. एकदा एका बिल्ल्याचा धातू तपासायला ते आमच्या दुकानात आले. मी तो समोरून निरखायला लागलो तर म्हणाले, "तोंड काय पाहून राहिला गा? पाठ पाह्य आधी!" सरकारी बिल्ला ठशाखाली दाबून काढतात, त्यामुळं पुढं नक्षी जिथं वर येते तिथं मागून खोलगट असतं. नकली बहुतेक ओतीव. पाठ सपाट, बारीक भोकांची, कडा बोथट. मी भीत भीत म्हणालो, ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणजे नकली बिल्ला केसभर लहानही भरणार. काकांनी मांडीवर थाप मारली. "अरे, इतकी वर्षं हे मले कोणीच नाही सांगितलं!" तेव्हापासून दुकान बंद असलं की मी त्यांच्या घरी. परक्या मुलखात कुणी "अजून एक पोळी घे" म्हणणं काय असतं, ते घर सोडलेल्यालाच कळतं.

आमचे आजोबा, आबा, पलटणीत होते. त्यांचा बिगुलाची नक्षी असलेला पितळी बिल्ला आण्णा, म्हणजे माझे वडील, दर पंधरा ऑगस्टला फेट्याला लावून गावच्या शाळेत झेंड्याला जायचे. एकदा गावच्या जत्रेहून परतताना मी तो मोठ्या हौसेनं काकांना दाखवायला आणला. त्यांनी उलटा केला, भिंगसुद्धा काढलं नाही. "ओतीव आहे. नकली." आणि मी ते त्याच दिवशी आण्णांना फोनवर सांगून टाकलं. काहून सांगितलंस, असं काका पुढं कितीदा तरी विचारायचे. खरं उत्तर एवढंच, की मलाही आता यातलं कळतं हे दाखवायचं होतं. आण्णा नुसतं "बरं" म्हणाले. त्या वर्षी ते झेंड्याला गेले नाहीत. आईनं सांगितलं, आबांचा फोटो भिंतीवरून काढून ट्रंकेत ठेवलाय. आपला बाप जन्मभर खोटं सांगत आला, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. बिल्ला माझ्याकडंच पडून राहिला.

दोनेक वर्षांनी काकांकडं कुणीतरी एक जुनाट बिल्ला आणला. काकांना काही ठरवता येईना. मी बघितला आणि म्हणालो, "काका, हा ॲसिडात बुडवून जुना केलाय. ॲसिड सगळीकडं सारखं खातं. आमच्याकडं बायकांच्या पाटल्या मोडीत येतात, त्या घासतात तिथंच झिजलेल्या असतात." काकांनी हातातला बिल्ला खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "तुझ्या आबाचा बिल्ला आण बरं." भिंगाखाली बिगुलाचं तोंड साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत झालेलं होतं, आणि मागचे कोपरे ओतले तेव्हाचे तसेच खरखरीत. कुणीतरी तो वर्षानुवर्षं, रोज, अंगठ्यानं घासला होता. काका आठवडाभर कामठीत जुन्या फौजींची घरं फिरले. एक म्हातारे सुभेदार हसत म्हणाले, बिल्ला हरवला तर शिक्षा व्हायची; मग परेडच्या आधी सोबत्याचा बिल्ला मागून बाजारात गुपचूप तसाच ओतून घ्यायचा आणि पुढं तोच वापरायचा. काका माझ्याकडं आले ते उभ्या उभ्याच म्हणाले, "बिल्ला बाजारातला हाये गा. घासणारा शिपाई मात्र खरा."

मी आण्णांना फोन लावायला लागलो तर त्यांनी हात धरला. "ठेव तो. चूक म्या केली, तू काहून सांगशील?" सत्तरी ओलांडलेला, गुडघ्यांनी बेजार झालेला माणूस माझ्यासोबत आधी रेल्वेनं, मग एसटीनं माझ्या गावी आला. ओसरीवर आण्णांपुढं बिल्ला ठेवून म्हणाला, "भाऊ, मी चुकलो. पाठ पाहिली, तोंड पाहिलंच नाही." आण्णांनी बिल्ल्यावरून अंगठा फिरवला. "मला ठावं हुतं," ते म्हणाले. "रजेवर आलं तरी सकाळी उठून घासायचं आबा. पर पोरगं शिकलंय, म्हटलं त्याला जास्त कळत असंल." शिकलंय... आठवी! मला वर बघवेना. काकांनीच मग जेवताना आईला हाक मारली, "वैनी, रश्श्यात तिखट टाकाले विसरल्या का वं?" आणि तिखटानं नाकाडोळ्यांतून पाणी गळणारी आमची पंगत हसायला लागली. फोटो त्याच दिवशी भिंतीवर परत गेला.

परतीच्या गाडीत काका खुशीत असतील असं मला वाटलं होतं. ते खिडकीशी बसून एका कागदावर नावं लिहीत होते. ओतीव म्हणून ज्यांना झटक्यात 'नकली' सांगितलं, ती माणसं. पुढं जमेल तसे ते एकेकाकडं जाऊन आले. कामठीतल्या एकाचा बिल्ला पुन्हा पाहिला, तो नकलीच निघाला. तेही त्यांनी बसून नीट समजावून सांगितलं. खाप्याच्या माणसानं मात्र आपला बिल्ला कधीच भंगारात घातला होता. "वितळला गा तो," काका म्हणाले, आणि त्या दिवशी चहा तसाच ठेवून उठले. मी रोज वितळवतो. त्यानंतर मूस भट्टीत ठेवताना माझा हात अडतो, अजूनही. मग काकांना दम लागायला लागला, जिना उतरणं बंद झालं. शेवटचा भेटलो तेव्हा खाटेवर पडून होते. "काटोल राहिलं," म्हणाले. डॉक्टर काय म्हणतात ते मी विचारत होतो, ते काटोलचं बोलत होते.

तेराव्यानंतर काकूंनी त्यांचं भिंग माझ्या हातात दिलं. भिंगाच्या चामड्याच्या पाकिटात तो नावांचा कागद घडी घालून ठेवलेला आहे. तीन नावं खोडायची राहिलीत, तिन्ही काटोलची. भिंग माझ्या खोलीत खिडकीपाशी ठेवलंय. जाता-येता दिसतं. अनोळखी दारात उभं राहून मी, आठवी शिकलेला गलाईवाला, काय सांगणार, आणि ऐकणार कोण? भट्टीपुढं बसून थकलोय पण फार, काका. तरी दिवाळीची गर्दी ओसरली की बसनं काटोलला जाईन. आधी पाठ पाहीन, मग तोंड पाहीन, आणि जे असेल ते तुमच्यासारखं समोर बसून सांगेन. तुमचं माझ्यावर जे आहे ते असंच फेडायचं ठरवलंय, एकेका दारात.