टेस्टरमामांचा मेमो

मी तीन सर्व्हर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावले होते. भिंतीवर तीन वेगवेगळे सॉकेट होते, तीन वेगवेगळ्या लाइनींचे, खास त्या सर्व्हरांसाठीच बसवलेले. पण तिकडे वायरी नेल्या की त्या आडव्यातिडव्या लोंबायच्या, आणि मला पुण्याच्या जुन्या मित्रांना सर्व्हरच्या कपाटाचा फोटो पाठवायचा होता. फोटो छान आला. एकोणीस जणांनी अंगठ्याचं चिन्ह पाठवलं.

ते सॉकेट बसवले होते टेस्टरमामांनी. माजलगावच्या बाजूला एका साखर कारखान्यात ते वायरमन होते. लोक खिशाला पेन लावतात तिथं मामांचा टेस्टर असायचा. वायर बंद आहे असं कुणी कितीही शपथेवर सांगितलं तरी मामा आधी शेजारच्या चालू सॉकेटात टेस्टर घालून दिवा लागतो का बघायचे, मग बंद वायरीला लावायचे, आणि पुन्हा चालू सॉकेटात घालायचे. मी एकदा हसलो. म्हणाले, "वायर मेली म्हणायच्या आधी टेस्टर जित्ता हाय का बघावं, साहेब. आन झाल्यावर परत बघावं. मधल्यामधी त्योच मेला असला तर?"

"कधी शॉक बसला का तुम्हाला?"

"दोनदा. दोन्ही बारीला दुसऱ्याच्या शब्दावर हात लावलता."

कँटीनचा फ्रीज असो, बॉयलरपाशी लावलेला पंखा असो, मामा आधी उलट्या हातानं स्पर्श करायचे, शॉक बसला तर मूठ आवळून हात चिकटू नये म्हणून. हंगामाच्या सुरुवातीला मोळी टाकायच्या कार्यक्रमात चेअरमन भाषणाला उभे राहिले, तेव्हा मामा स्टेजवर चढून माइकच्या दांडीला तीन टप्प्यांत टेस्टर लावत होते. चेअरमन हात जोडून थांबलेले. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मामांनी मान हलवली, मग सहकार चळवळीवर बोलणं सुरू झालं.

मी पुण्याची नोकरी सोडून बीडला परत आलो होतो. सोडून म्हणजे त्यांनी सोडलं, मी परत आलो. कारखान्यानं सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर घेतलं. काम असं की वजनकाटा, ऊसनोंद आणि पावत्या हे सगळं एका जुन्या कॉम्प्युटरवर चालायचं, तो हंगामात दोनदा तरी बसायचा. इंटरनेटची तार रस्त्याच्या कामाचा जेसीबी दर आठवड्याला तोडायचा, त्यामुळं बाहेरच्या सर्व्हरवर भरवसा नव्हता. मी सांगितलं, इथंच तीन सर्व्हर आणू, कोरे, आणि त्यांच्यावर कुबरनेटिसचा क्लस्टर उभा करू. साहेब लोकांना शब्द आवडला.

मामांनी विचारलं, हे काय असतं. मी त्यांना आपल्या भागातलंच, ऊसतोडीचं उदाहरण दिलं. प्रत्येक काम एकेका डब्यात बंद करायचं. कुठला डबा कुठल्या सर्व्हरवर चालेल हे एक मुकादम ठरवतो. एका फडात अडचण आली की तो टोळी उचलून दुसऱ्या फडात नेतो, काम थांबत नाही.

"आन मुकादमच खाटंवर पडला तर?"

"म्हणून तीन मुकादम ठेवायचे, मामा. एक पडला तरी दोघांच्या मतानं चालतं."

मामांना हे पटलं. दुसऱ्या दिवशी ते तीन लाइनी ओढून गेले: एक यूपीएसची, एक महावितरणची, एक कारखान्याच्या टर्बाइनची. चौथ्या दिवशी मी बोर्ड विकत आणला.

मामांनी तो बघितला, खाली बसून तिन्ही वायरी बोटानं मोजल्या. "तीन मुकादम हायेत म्हणलावता न्हवं?"

"आहेत ना."

"मंग तिघं एकाच जीपात कावून बसवले?"

मी त्यांना कोरमवर व्याख्यान दिलं. दहा मिनिटं. त्यात मतदान, बहुमत, आपोआप सावरणं, सगळं होतं. जीप कुठं नव्हती. मामांनी ऐकून घेतलं, बोर्डावर पांढरी चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर लिहिलं, 'तिन्ही हितंच'. कारखान्यातल्या प्रत्येक स्विचवर त्यांची अशी पट्टी असायची. ते गेल्यावर मी ती काढली. फोटोत दिसत होती.

त्या हंगामात जानेवारीत मामा निवृत्त होणार होते. त्यांनी एका वर्षाची मुदतवाढ मागितली होती आणि अर्ज कार्यकारी संचालकांच्या टेबलावर होता. पगारापायी नव्हे, असं ते सांगायचे. हंगामाच्या मध्यात घरी जायचं नव्हतं. "गाळप चालू आसताना लिंबागणेशला जाऊन बसू? तितं भोंगाबी ऐकू येत न्हाई. दिवस कळायचा कसा?" अर्ज मंजूर होणार असं सगळे म्हणत होते. मामांविरुद्ध आजवर एक कागद नव्हता.

गाळपाच्या पहिल्या दिवशी अकराच्या सुमारास टर्बाइन लाइनवर घेताना एक ब्रेकर पडला. चार मिनिटं. मामांनी धावत जाऊन तो उचलला. ज्यांच्या लाइनी वेगळ्या होत्या त्यांना ते कळलंही नाही. माझा बोर्ड टर्बाइनच्याच सॉकेटात होता; तिन्ही सर्व्हर एकदम झोपले.

वीज आली, सर्व्हर उठले, क्लस्टर उठला नाही. स्वॅप नावाची एक सोय असते, ती चालू दिसली की हा मुकादम कामावर येत नाही. मी ती बंद केली होती, पण तेवढ्यापुरती; सर्व्हर बंद होऊन उठला की ती परत चालू. कायमची बंद करायला एका फाइलीतली एक ओळ खोडावी लागते. ती मी खोडली नव्हती. तिन्ही सर्व्हरवर खोडली नव्हती. त्या बाबतीत मात्र तिघांत पूर्ण एकमत होतं. हे सापडायला मला तीन तास लागले, कारण मी बाकी सगळीकडं शोधत होतो.

काटा बंद म्हणजे गेट बंद. ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग हमरस्त्यापर्यंत गेली. ऊस उन्हात वाळत होता आणि वजनात घटत होता. एका ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं घातलं. "काटा कावून बंद हाय बे?"

मी म्हणालो, "लाइटचा प्रॉब्लेम आहे."

मामा माझ्या मागं उभे होते. हळूच म्हणाले, "साहेब, लाइट तर कवाच आली."

संध्याकाळी अहवालाचा छापील कागद आला. त्यात 'कारण' असा एक रकाना होता, दोन बोटांचा. मी लिहिलं, 'वीजपुरवठा खंडित झाल्याने'. खोटं नव्हतं. जागाही तेवढीच होती. मला घाबरल्यासारखं झालं नाही, वाईटही वाटलं नाही. सही केली आणि चहा प्यायला गेलो.

तीन दिवसांनी मामा सर्व्हरच्या खोलीत आले. हातात मेमो. चष्मा क्वार्टरवर राहिला होता, म्हणाले, जरा वाचून दाखवा. मी माझंच वाक्य, वरच्यांनी वाढवलेलं, त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. विद्युत विभागाच्या हलगर्जीमुळे वीजपुरवठा खंडित होऊन काटा तीन तास बंद राहिला, खुलासा करावा.

"तीन तास?"

"हो."

"चार मिंटं व्हती."

"हो."

मामा म्हणाले, "आता मान्य न्हाई म्हणायचं तर तुमचं नाव लिवावं लागतंय. तुमी नवे हाव. ठिवतेत का न्हाई तुमाला, कुणास ठावं."

माझ्याकडं त्या वेळी दोन-तीन चांगली वाक्यं तयार होती. मामांनी हात पुढं केला. मला वाटलं खांद्यावर ठेवतायत. त्यांना पेन हवं होतं. माझ्या पेनानं त्यांनी मेमोवर 'मान्य' लिहिलं, सही केली, टोपण लावून पेन परत दिलं. मी थँक्यू म्हणालो. पेनाबद्दल.

मुदतवाढ एका ओळीत नाकारली गेली. जानेवारीत नारळ, शाल, फोटो झाला. मी शेवटच्या रांगेत होतो आणि टाळ्या वाजवत होतो. जाताना मामा सर्व्हरच्या खोलीत माझ्याकडं आले, कपाटाच्या पत्र्याला उलटा हात लावला, तिन्ही सॉकेटात गेलेल्या तीन वायरी बघितल्या. "आता बरं हाय," म्हणाले. मार्चमध्ये मला कायम केलं. कारखान्याच्या माहितीपत्रकात माझा फोटो आहे. क्लस्टर तेव्हापासून एकदाही बंद पडलेला नाही. मीसुद्धा आता कुठलंही उपकरण बंद आहे म्हणायच्या आधी टेस्टर तपासतो, नंतर परत तपासतो. नव्या लोकांना ही पद्धत शिकवतो तेव्हा ती कुणाची हे सांगतो. बाकीचं सांगत नाही.

पुढच्या वर्षी मामा गेले. हृदयाचं निमित्त झालं. फोन आला तेव्हा मी क्लस्टरची नवी आवृत्ती चढवत होतो. ते काम पुढं ढकलता आलं असतं. ढकललं नाही. दोन महिन्यांनी मोटारसायकलवर लिंबागणेशला गेलो. मामी ओसरीवर सुपात तूर पाखडत होत्या. पाणी दिलं, बसा म्हणाल्या, हात चालूच.

मी सगळं सांगितलं. बोर्ड, फाइलीतली ओळ, अहवालाचा रकाना, मेमो. पाठ केल्यासारखं सांगितलं; येताना रस्त्यात पाठच केलं होतं. मामी खडे वेचत होत्या.

"म्हाईत हाय," म्हणाल्या. "त्याच दिशी सांगितलंतं यांनी. सांगून जेवलेबी न्हाईत."

मी म्हणालो, "मामी, त्यांच्या फाइलीत तो मेमो अजून आहे. चूक माझी होती असं कारखान्याला लिहून देऊ का? तुमची हरकत नसेल तर."

मामींनी सूप खाली ठेवलं आणि आल्यापासून पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"खरं लिवायला मेलेल्या माणसाच्या बायकूची परवानगी लागती व्हय?"