एसी नसलेलं घर

मी आर्किटेक्ट आहे, आणि त्यातही निसर्गाला धरून बांधणारा. हे मी स्वतःच लोकांना सांगत असतो. कॉलेजांतून व्याख्यानं देतो तेव्हा शेवटी एका घराचा फोटो दाखवतो. मोशीत इंद्रायणीकाठी मी बांधलेलं हे माझ्या सासऱ्यांचं घर. पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच, पलीकडे बाभळींचा उतार आणि खाली नदी. "या घरात एसी नाही," असं म्हणून मी थोडा थांबतो. थांबलं की टाळ्या पडतात, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. मी स्वतः रावेतच्या फ्लॅटमध्ये एसी लावून झोपतो, ते अजून कोणी विचारलेलं नाही.

यंदा अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला. अधिकात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, नवे कपडे करायचे, ही आमच्याकडची रीत. सासूबाईंनी रविवारी दुपारी बोलावलं. स्पाइन रोडला नेहमीसारखं अडकायला होईल म्हणून लवकर निघालो, तर रस्ता मोकळा. बायको गाडीत म्हणाली, "फोन करून सांगू का, लवकर येतोय म्हणून?" मी म्हटलं, आपल्याच घरी जाताना फोन कसला. तिने हातात घेतलेला फोन परत पर्समध्ये ठेवला.

दाराला नुसती कडी होती. आत पाऊल टाकलं आणि उन्हात उभी केलेली गाडी उघडल्यासारखी गरम हवा तोंडावर आली. घरात कोणीच नव्हतं. माझ्या त्या काचेवर आतून दोन सतरंज्या आणि एक निळी ताडपत्री टांगलेली होती. नदीकडच्या खिडक्या घट्ट बंद, कारण उन्हाळ्यात नदीवर जलपर्णी माजते आणि वाऱ्याबरोबर डास आणि घाण वास आत येतो. मी जागा पाहिली होती ती हिवाळ्यात, सकाळच्या वेळी. तेव्हा नदीवरून छान गार वारा आला, आणि त्या एका सकाळच्या वाऱ्यावर मी अख्खं घर बेतलं.

मागून भांड्यांचा आवाज आला म्हणून तिकडे गेलो. मागे चिंचेखाली जुना गोठा आहे. गुरं कधीच विकली. फोटोत तो मधे येतो म्हणून मी पाडा म्हणालो होतो, तेव्हा सासरे म्हणाले, राहू द्या, अडगळ टाकायला होईल. त्या गोठ्यात दोन खाटा होत्या. फ्रिज होता, टीव्ही होता, आणि कोपऱ्यात देव्हारा होता. जमीन सारवलेली, वर चिंचेची सावली. सासरे खाटेवर पडले होते, सासूबाई गॅसपाशी बसून धोंडे उकडत होत्या. मला बघून त्या अशा दचकल्या, जणू त्यांची चोरीच पकडली गेली होती.

मग एकच धांदल उडाली. सासऱ्यांनी टेबलफॅन उचलला आणि घरात चला, घरात चला, करत पुढे झाले. सासूबाईंनी भांडी घेतली. बायकोने देव्हारा उचलून आत नेला, मग परत येऊन पाट नेले. आधी काय न्यायचं, कुठे ठेवायचं, हे तिला कोणाला विचारावं लागलं नाही. आम्ही यायच्या आधी ही दोघं सगळं परत घरात लावून ठेवतात, हे तिला माहीत होतं तर.

मी म्हटलं, "मामा, इथंच बसू की. गार आहे."

"जावयाला गोठ्यात जेवू घालू व्हय?" ते म्हणाले. "लोकं त्वांडात श्याण घालतील आमच्या."

काचेवरच्या सतरंज्या निघाल्या. ऊन सरळ पानावर आलं. पाटाभोवती रांगोळी होती, औक्षण झालं, तुपाची धार सुटली, आणि मी घाम पुसत जेवायला बसलो. सासरे समोर बसले. शर्ट पाठीला चिकटलेला, एक हात भिंतीला. सासूबाईंचं लक्ष माझ्या पानाकडे नव्हतं, सासऱ्यांकडे होतं. गेल्या उन्हाळ्यात त्यांना चक्कर येऊन दवाखान्यात ठेवलं होतं. मी शहाळी घेऊन भेटायला गेलो होतो आणि भरपूर पाणी पीत जा, असं बजावून आलो होतो. चक्कर कुठे बसले असताना आली, एवढं मात्र विचारलं नव्हतं.

"मामा, हे घर तापतं ना?"

"घराचं काय न्हाई वो. ऊनच लई हाय औंदा."

सासूबाईंनी मान हलवली. बायकोनेही हलवली. मला लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखं झालं. घर चुकलं याची लाज होतीच. पण जावयाच्या तोंडावर कसं बोलायचं म्हणून ही माणसं एवढे उन्हाळे गोठ्यात राहिली, आणि माझ्या एका बढाईखातर त्यांनी एसीही बसवला नाही, याची जास्त होती.

घराचा आराखडा करत होतो तेव्हा सासऱ्यांनी एकच गोष्ट मागितली होती. पश्चिमेला पत्र्याची पडवी, संध्याकाळी चार माणसं टेकायला. व्ह्यू जाईल, असं म्हणून मी हसलो होतो. नंतर त्यांनी विषय काढला नाही.

"मामा," मी म्हटलं, "पश्चिमेला पडवी घालू या. याच आठवड्यात माणसं पाठवतो. आणि तोवर तुम्ही गोठ्यातच राहा. मी आलो तरी."

त्यांनी टॉवेलने मान पुसली. माझ्याकडे पाहिलं, काचेकडे पाहिलं. मग सासूबाईंना ऐकू जाऊ नये एवढ्या हळू आवाजात त्यांनी विचारलं,

"पन पाव्हणं, तुमी लोकास्नी ह्या घराचा फोटू दावता न्हवं? त्यात पडवी वाईट न्हाई का दिसायची?"