नवाहो, होपी आणि सरांचा बांध

“आता उठा. जागा बदला!” खडूची बोटं पँटला पुसत सर म्हणायचे आणि वर्गात बाकांचा खडखडाट व्हायचा.

तुम्हालाही असे एखादे सर भेटले असतील. आमचे सर पणदऱ्याजवळच्या शाळेत भूगोल शिकवायचे. दहावीला त्यांनी पुस्तकाबाहेरचा एक धडा घेतला. नवाहो आणि होपी, दोघेही अमेरिकेतले मूळचे लोक. नवाहो मेंढ्या राखणारे, होपी मका पिकवणारे, आणि जमीन दोघांनाही आपलीच वाटणारी. शेवटी सरकारनं मधून रेघ ओढली, तारेचं कुंपण घातलं. रेघेच्या पलीकडं सापडलेल्यांना घरदार सोडावं लागलं.

सरांनी फरशीवर रेघ मारली. खिडकीकडचे नवाहो, भिंतीकडचे होपी. भांडण रंगात आलं, की “जागा बदला!” मघाशी मेंढ्यांसाठी भांडणाऱ्याला मग मक्याची बाजू मांडावी लागे.

“सर, ह्ये परीक्षेला हाय का?” मागून कुणीतरी विचारलं.

“परीक्षेला न्हाय बाबा. बांधावर येतंय.”

आम्ही हसलो.

माझ्या घरात आधी कुणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. बी.ए. झालो तेव्हा पेढे घेऊन मी सरांच्या इंदापूरकडच्या गावी गेलो. रानात सरकारी मोजणी चालली होती. सरांचं थोरल्या भावाशी, तात्यांशी, बोलणं बंद होतं. तात्यांच्या उसाचं पाणी आपल्या रानात झिरपतं, असं सरांचं म्हणणं. मास्तरनं बांध कोरला, असं तात्यांचं. दोघं बांधाच्या दोन बाजूंना उभे, मधे मोजणीदार.

“हद्दीचा दगड कुठं बसतोय ते मास्तरला इचारा,” तात्या मोजणीदाराला म्हणाले. “अमेरिकेचा नकाशा पाठ हाय त्येला.”

“कागदावर असंल ते व्हईल, सांगा त्यांना,” सर तिकडं न बघता म्हणाले.

मला वाटत होतं, सर आता बोटं पँटला पुसतील. त्यांनी पुसली नाहीत. दगड बसला.

“शिकलास. लई बरं केलंस,” माझ्या पाठीवर हात ठेवून ते म्हणाले. त्यांनी एक पेढा खाल्ला, दुसरा उचलला, बांधापलीकडं बघितलं आणि तो परत ठेवला.

गेल्या वर्षी सर गेले. दहाव्यानंतर मी रानात गेलो, तर तात्या बांधाच्या अलीकडं, सरांच्या बाजूला बसले होते, तोंड आपल्या उसाकडं करून. सरांच्या जमिनीवर मिठासारखा पांढरा थर आला होता.

“खारावलं रं सगळं,” ते म्हणाले. “माझंच पाणी हाय ह्ये. तिकडनं कधी दिसलंच न्हाय.”

त्यांनी मूठभर माती चुरली. पांढरी झालेली बोटं ते बराच वेळ धोतराला पुसत राहिले.