लिंबाजीकाकांचं ‘अजून न्हाय’

लिंबाजीकाका संगणकासमोर बसण्याआधी त्याचा वास घ्यायचे. दारातच खिसे उलटे करून दाखवायचे, काडीपेटी नाही याची माझ्याकडून खात्री करून घ्यायचे, मग पडद्याच्या मागं नाक नेऊन हुंगायचे आणि मगच खुर्चीवर टेकायचे. तेरखेड्यात सगळा जन्म शोभेची दारू करण्यात गेलेला माणूस. तेरखेड्याजवळच्या वाशी गावातल्या माझ्या संगणक क्लासमधली बाकीची मुलं त्यांच्या नातवंडांच्या वयाची. काका आल्यापासून तीही आत येताना नकळत खिसे चाचपू लागली.

त्यांच्या शिकण्याला कारण होतं. त्यांचा हात थरथरू लागला होता. वातीपाशी उदबत्ती स्थिर राहीना, म्हणून मुलानं, रमेशनं, त्यांना दारू पेटवायची बंदी केली होती. पण ईट गावाजवळच्या एका खेड्याच्या जत्रेत वर्षानुवर्षं काकाच दारू उडवत आले होते, आणि यंदाही ते मागं हटणार नव्हते. प्रत्येक वातीला विजेनं तापणारी बारीक तार, सगळ्या तारा एका पेटीत, पेटी लॅपटॉपला, असा त्यांचा बेत होता. “कळ थरथरत्या हातानं बी दबती, मॅडम,” ते म्हणाले.

त्यासाठी लागणारी पायथन ही संगणकाची भाषा ते नेटानं शिकले. अडले एकाच जागी. जे उडवायचं त्याच्यापुढं ट्रू लिहा, म्हणजे खरं, आणि जे थांबवायचं त्याच्यापुढं फॉल्स, म्हणजे खोटं, असं मी सांगितलं, तेव्हा त्यांनी कीबोर्डवरचे हात उचलले.

“माझ्या हातचा बाण खोटा? त्याची येळ आली न्हाय, एवढंच.”

पुष्कळ समजावलं, पण फॉल्स लिहायला ते तयार होईनात. शेवटी अवतरणचिन्हांत त्यांनी ‘अजून न्हाय’ असं टाईप केलं. मी म्हटलं, काका, अवतरणात कुठलेही शब्द असले तरी यंत्र ते खरंच धरतं. अर्थ बघत नाही, काहीतरी लिहिलंय एवढंच बघतं. ते हसले. एवढ्या हुशार यंत्राला साधं ‘न्हाय’ कळू नये, हे त्यांना पटेना. आम्ही एक बल्ब जोडला, त्याच्यापुढं ट्रू लिहिलं, बल्ब लागला. आता ‘अजून न्हाय’ लिहूनही बघू या, असं मी सुचवलं, तर म्हणाले, जे होणारच न्हाय ते काय बघायचं? दुरुस्ती केल्याशिवाय वापरू नका, म्हणून मी बजावलं. ते नमस्कार करून गेले, ते थेट जत्रेलाच.

मी बघायला गेले होते. दारू अंधार पडल्यावर उडायची होती. पण प्रमुख पाहुण्यांना पुढं दोन लग्नं गाठायची होती, तेव्हा भर दुपारी एक तरी नमुना दाखवा, असा निरोप आला. काकांच्या जिवावर आलं. तरी त्यांनी आपला लाडका, घागरीएवढा भुईनळा निवडला. त्याच्यापुढं ट्रू लिहिलं, बाकी सगळ्यांपुढं ‘अजून न्हाय’ होतंच. मी गर्दीतून वाट काढत त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत पाहुणे भुईनळा जवळून बघून परत खुर्चीत बसले होते. जाताना त्यांच्या पायात अडकून भुईनळ्याची तार निघाली होती, ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

काकांनी कळ दाबली. भुईनळा सोडून सगळं उडालं.

बाण गेले, औटगोळे फुटले, माळा कडाडल्या. उन्हात रंग काही दिसेनात, नुसता आवाज आणि पांढरा धूर. बँडवाल्यांना वाटलं पालखी निघाली, त्यांनी वाजवायला सुरुवात केली. आखाड्यातले दोन पैलवान एकमेकांना गच्च मिठी मारून बसले आणि पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. धूर विरल्यावर पाहुण्यांनी खुर्चीखालूनच कार्यक्रम सुंदर झाल्याचं जाहीर केलं.

काका लॅपटॉपकडे बघत उभे होते. “हे समदं खरं धरलं व्हय त्यानं?” त्यांनी विचारलं. मी मान डोलावली.

संध्याकाळी आसपासच्या गावांतली माणसं मैदानात जमली, आणि दाखवायला त्या एका भुईनळ्याशिवाय काही उरलं नव्हतं. काका आखाड्याच्या कडेला एकटेच बसले होते. रमेश आला. मला वाटलं, आता वडिलांना बोलणार. तो भुईनळ्यापाशी गेला, निघालेली तार बाजूला केली, नवी लांब वात बसवली. मग काठीच्या टोकाला उदबत्ती बांधून ती काकांच्या हातात दिली आणि मागं उभं राहून त्यांचं मनगट धरलं.

“लावा, आण्णा,” तो म्हणाला.

सोनेरी फवारा मैदानातल्या कडुलिंबाच्या शेंड्याच्याही वर गेला. तो विझल्यावरसुद्धा लोक बराच वेळ पुढच्याची वाट बघत बसून राहिले. पुढं काही नाही, हे सांगायला कुणी उठलं नाही.

त्यानंतर काकांनी क्लास सोडला. आमची शेवटची भेट येडशी स्टेशनवर झाली. ते लेकीकडं लातूरला कायमचे राहायला निघाले होते. मी विचारलं, काका, त्या यंत्राचा राग गेला का?

“राग कसला, मॅडम. बिचाऱ्याला काय बी सांगा, त्याला खरंच वाटतं,” ते म्हणाले. “अशा भोळ्याजवळ म्या दारू न्यायचीच न्हवती.”