झुंबरकाकांचा पहिला अपघात

झुंबरकाका आव्हाड आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत तळमजल्यावर राहतात. एकतीस वर्षं त्यांनी एसटी चालवली, त्यातली बरीचशी नाशिक–येवला मार्गावर. कांद्याच्या ट्रॅक्टरांमधून, लग्नाच्या वरातींमधून आणि निफाडच्या धुक्यातून बस काढली, पण त्यांच्या हातून कुणाला कधी खरचटलंसुद्धा नाही. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी पांढरी कार घेतली. शेजारी बसणाऱ्याने पट्टा लावल्याशिवाय ते किल्ली फिरवत नाहीत. त्यावरून चिडून त्यांच्या पत्नी, नवसाबाई, एकदा भाजी आणायला रिक्षाने गेल्या होत्या.

जानेवारीत काका मिक्सर दुरुस्तीला द्यायला अशोक स्तंभाजवळच्या एका गल्लीत गेले. परत निघताना गाडी मागे घेतली आणि खाडकन आवाज आला. खाली उतरून पाहिलं, तर मागे उभ्या असलेल्या लाल कारचा दरवाजा चेपला होता. कारमध्ये कुणी नव्हतं.

मिक्सरवाला संतोष दुकानातून बाहेर आला. त्याने आजूबाजूला पाहिलं आणि काकांना निघून जायला सांगितलं. कॅमेरा नाही, कुणी विचारायला येणार नाही, असं त्याचं म्हणणं. काकांनी त्याच्याकडून स्टूल मागून घेतलं आणि लाल कारशेजारी बसून राहिले. मध्ये एकदा घरी फोन करून जेवायला थांबू नको, एवढंच सांगितलं. कारण सांगायला जीभ रेटेना.

दोन तासांनी कारची मालकीण आली. वेदिका तिचं नाव, वय तिशीच्या आतबाहेर, एका शाळेत गणित शिकवणारी. काकांनी उभं राहून सगळं सांगितलं, एकतीस वर्षं एसटी चालवल्याचंही. वेदिकाने दरवाजाकडे पाहिलं. तिथे दोन पोचे होते आणि तिला वाटलं, दोन्ही जुनेच असतील. काकांनी वाकून दाखवलं, की खालचा पोचा गंजलाय म्हणजे जुना, वरच्याला पांढरा रंग लागलाय तो माझा. दोन्ही गाड्यांचे फोटो त्यांनीच तिला काढायला लावले. स्वतःचं नाव, फोन नंबर, लायसन्स आणि विम्याची पॉलिसी तिच्यापुढे धरली. विमा कंपनीला आजच कळवायचं, दोघांनी एकच हकीकत सांगायची, असंही बजावलं.

वेदिकाने सहज विचारलं, "पण काका, झालं कसं? तुम्ही तर एवढे सराईत."

काकांनी स्टूल उचलून संतोषच्या दुकानाच्या दारात ठेवलं. मग म्हणाले, "मला गाडी दिसलीच नाही. डाव्या डोळ्यानं हल्ली धुरकट दिसतं."

हे त्यांनी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी घरी गेल्यावर नवसाबाईंनाही सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावला, आणि पंधरवड्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तोपर्यंत लाल कारचा दरवाजाही दुरुस्त होऊन आला होता.

ऑपरेशनला आठवडा झाला असेल, तेव्हा वेदिकाचा फोन आला. त्र्यंबक नाक्याजवळ वळताना तिच्या कारचा धक्का लागून एक स्कूटरवाला पडला होता. माणसं जमली होती आणि तिला काही सुचत नव्हतं.

काकांनी आधी एकच विचारलं, "त्याला लागलंय किती?"

गुडघ्यातून रक्त येत होतं, पण तो शुद्धीवर होता, बोलत होता. काकांनी तिला इंजिन बंद करायला आणि चारही दिवे लुकलुकते ठेवायला सांगितलं. त्याला ओढून उठवू नका, एकशे आठला फोन करा, मग पोलिसांना. चूक कुणाची यावर जमलेल्या लोकांशी एक शब्द बोलू नका. "आणि ताई, त्याच्याजवळ बसून राहा," असं म्हणून त्यांनी काळा चष्मा चढवला. नवसाबाईंनी आधी विरोध केला, मग स्वतःच रिक्षा थांबवून त्यांच्यासोबत गेल्या.

स्कूटरवाल्याचं नाव केरू. तो पेठ तालुक्याकडचा, रंगकाम करणारा. काका पोचले तेव्हा वेदिका रस्त्याकडेला त्याला ऊन लागू नये म्हणून डोक्यावर स्वतःची ओढणी धरून बसली होती. दोन-चार जण तिच्यावर ओरडत होते. काकांनी त्यांच्याशी वाद घातला नाही. नुसतं विचारलं, की याच्या घरी कुणी फोन लावलाय का. मग ओरडणाऱ्यांपैकीच एकाने केरूच्या बायकोचा नंबर विचारून घेतला.

ॲम्ब्युलन्समधून केरूबरोबर नवसाबाई गेल्या. वेदिकाने पोलिसांना घडलं तसं सांगितलं. वळताना तिचं लक्ष डावीकडे नव्हतं, हेही सांगितलं. एक्स-रेमध्ये केरूचं हाड शाबूत निघालं. गुडघ्याला पाच टाके पडले आणि पंधरा दिवस शिडीवर चढायची बंदी झाली.

पोलिसांचं काम संपल्यावर वेदिका कारपाशी आली, पण दार उघडून आत बसेना. काकांना तर डॉक्टरांनी अजून स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. ती म्हणाली, गाडी इथेच राहू दे, मी रिक्षाने जाते.

काका पुढच्या सीटवर जाऊन बसले आणि त्यांनी पट्टा लावला. "दहा मिनिटं बसू," ते म्हणाले. "मग सावकाश दवाखान्यात जाऊ. आमच्या बाई तिथं एकट्या हायेत."

दहाची वीस मिनिटं झाली. मग तिने गाडी सुरू केली.